प्याद्याची बाजू

प्रिय अनंता,

स. न. वि. वि. हसू नकोस. आपल्या वयाला आता हेच शोभतं.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. एरवी मी आधी तळाशी जाऊन तुझी चाल बघतो, पट मांडतो आणि मग सावकाश मजकूर वाचतो. या खेपेस उलटं झालं. वरच्याच एका वाक्याला अडखळलो. "एकतीस वर्षं नोकरी केली आणि निरोपाच्या दिवशी लक्षात आलं, मी नुसतं प्यादं होतो. कुणी उचललं, कुणी ठेवलं." आणि तळाशी: "राजा डी ५. बरोबरी करायची का?"

बरोबरीचं शेवटी बोलू. आधी प्याद्याचं.

कुणी उचललं, कुणी ठेवलं हे खरंच. पण अरे, वजिराला कोण उचलतं? तो काय आपल्या पायांनी जातो? राजालासुद्धा दोन बोटांच्या चिमटीत धरूनच हलवावं लागतं. पटावर स्वतःच्या मर्जीने चालणारं कुणीच नाही, तेव्हा ते एकट्या प्याद्याचं दुःख कसं झालं? बुद्धिबळाच्या उपमा देणाऱ्यांनी आधी दहा-वीस डाव तरी हरावेत, असं माझं फार जुनं मत आहे. वर्तमानपत्र उघडलं की शह, काटशह, मोहरा टिपला, तिरकी चाल, अडीच घरं! लिहिणाऱ्याने घोडा शेवटचा कधी हलवला होता कोण जाणे. तू मात्र खेळणारा आहेस. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

प्यादं म्हणजे कोण, ते तुलाच सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण सांगतोच. चालायचं एका दिशेला आणि मारायचं दुसऱ्या, अशी पटावर ही एकच जात. सरळ चालतं, तिरकं मारतं. मागे फिरता न येणारंही हेच एक. घोडा चुकला तर परत येतो, उंट लांबून पळून येतो, पण पुढे टाकलेलं प्यादं हा दिलेला शब्द असतो. म्हणून तर त्याची चाल सर्वांत जास्त विचार करून खेळावी लागते. फिलिदोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने (हा माणूस संगीतकारही होता) 1749 मध्ये पुस्तक लिहिलं आणि प्याद्यांना बुद्धिबळाचा आत्मा म्हटलं. त्याआधी लोक मोठ्या मोहऱ्यांच्या हाणामारीतच रमायचे. त्याने दाखवलं की मोठ्यांना कुठे उभं राहता येईल आणि कुठे नाही, हे प्याद्यांच्या रांगेवरून ठरतं. समोर आपलंच प्यादं अडून बसलं असेल तर उंटाची किंमत काय? कोपऱ्यात कोंडलेल्या हत्तीला विचार.

आता तुझ्या मनातलं पुढचं वाक्य मी ओळखतो. प्याद्याचा वजीर होतो, माझा कुठे झाला?

त्याची गंमत ऐक. आपण ज्याला वजीर म्हणतो, तो मुळात अगदी साधा कारकून होता. फारसी खेळातला तो 'फर्झीन', राजाचा सल्लागार, आणि त्याची धाव किती? तिरकं एक घर. बस. रहीमचा एक दोहा आहे. हलक्या माणसाला बढती मिळाली की तो मिरवतो, जसं प्यादं फर्जी झालं की वाकडं-वाकडं चालू लागतं. शाळेत हा अर्थ मला कधी नीट लागला नव्हता, कारण आपला वजीर सरळही जातो आणि तिरकाही. जुना नियम कळला तेव्हा कुठे दिवा लागला. म्हणजे हजारभर वर्षं प्याद्याने जिवावर उदार होऊन शेवटची ओळ गाठायची आणि बक्षीस काय, तर तिरकं एक घर!

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या बाजूला कुणीतरी त्या मोहऱ्याला आठही दिशा मोकळ्या करून दिल्या. तोवर तिकडे तो वजीर राहिला नव्हता, राणी झाला होता. इटलीत आणि फ्रान्समध्ये या नव्या खेळाला लोक चक्क 'पिसाळलेल्या राणीचं बुद्धिबळ' म्हणत. ते बळ पुढे आपल्याकडेही आलं, नाव मात्र आपण वजीरच ठेवलं. बढती परदेशात, पोशाख घरचा.

नावांवरून आठवलं. आपला उंट इंग्रजांकडे बिशप आहे, फ्रेंचांकडे विदूषक, जर्मनांकडे धावपटू, आणि रशियन लोक त्यालाच हत्ती म्हणतात. त्यांचं बरोबर आहे; जुन्या खेळात त्या घरात हत्तीच होता आणि तो तिरकी दोन घरं उडी मारायचा. आपला हत्ती उभा आहे तो कोपरा खरा रथाचा. युरोपात त्या रथाचा बुरूज झाला, बंगाली आणि रशियन लोकांनी त्याची नाव केली, आपण हत्ती बांधला. चाल तीच सरळ, नाव ज्याच्या त्याच्या मर्जीचं. नाव आणि चाल दोन्ही टिकवून राहिला तो घोडा. त्याची अडीच घरं पहिल्यापासून तीच. आणि त्याच्यावर नुसती लढाई नाही, कविताही झाली. नवव्या शतकात रुद्रट नावाच्या काश्मिरी पंडिताने अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत बत्तीस अक्षरं अशी मांडली की ओळीने वाचा किंवा घोड्याच्या चालीने वाचा, श्लोक तोच. गणिती ऑयलर घोड्याच्या फेरीचं, म्हणजे प्रत्येक घरात एकदाच जाण्याचं, गणित घेऊन बसला तो 1759 मध्ये. मी कागदावर घोडा फिरवून बघितला, तेराव्या घरात माझा अडकला. असो, भरकटलो.

तर बढती. मला आजोबांनी शिकवलं ते देशी नियमांनी. त्यात प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचा जो मूळ मोहरा, तोच व्हायचं. घोड्याच्या घरात गेलं तर घोडा, उंटाच्या घरात उंट. लहानपणी मला तो अन्याय वाटायचा. आता वाटतं, निदान त्यात हाव नव्हती. पुढे नवे नियम शिकलो, हवा तो मोहरा मागायची मुभा मिळाली आणि मी आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा डाव खेळलो. आठवतो का? वसतिगृहाच्या गच्चीवर, रात्री दोन वाजता. तुझा एकटा राजा कोपऱ्यात, माझा राजा आणि एक प्यादं. मी ते शेवटच्या ओळीत नेलं, धाडकन वजीर मांडला आणि उठून उभा राहिलो. तू पटाकडे बघत बसलास. मग शांतपणे म्हणालास, "मला शह नाहीये, आणि हलायला घरही नाहीये." बरोबरी! मी हत्ती मागितला असता तर जिंकलो असतो. तू हसला नाहीस, हे मला आजही जास्त लागतं.

त्या रात्रीनंतर कितीतरी वर्षांनी मला सावेद्रा भेटला. म्हणजे त्याचा डाव भेटला. हा ग्लासगोत राहणारा एक स्पॅनिश पाद्री. 1895 साली तिथल्या एका साप्ताहिकाच्या बुद्धिबळाच्या सदरात एक शेवट छापून आला. पांढऱ्याकडे राजा आणि एक प्यादं, काळ्याकडे राजा आणि हत्ती. सदर लिहिणाऱ्याने निकाल दिला होता: बरोबरी. तू पट घेऊन मांडच, अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा. पांढरा राजा बी ६, प्यादं सी ६. काळा राजा ए १, हत्ती डी ५. पांढऱ्याची चाल.

प्यादं सी ७ वर जातं. काळा हत्ती बाजूने शह देत सुटतो आणि पांढरा राजा एकेक पायरी उतरत खाली येतो: बी ५, बी ४, बी ३, शेवटी सी २. आता शह संपले, प्यादं वजीर होणार. इथे काळा हत्ती गुपचूप डी ४ वर जाऊन बसतो. तू सी ८ वर वजीर केलास की तो सी ४ वर येऊन शह देतो. वजिराने त्याला मारलं की कोपऱ्यातल्या राजाला शह नाही आणि घरही नाही. गच्चीवरची रात्र! सदरकर्त्याला इथवर दिसलं होतं.

सावेद्राला पुढचं दिसलं. वजीर करूच नका, हत्ती करा. आता तीच चाल खेळली तर हत्तीने हत्ती मारल्यावर काळ्या राजाला ए २ चं घर मोकळं राहतं, म्हणून बरोबरी नाही. आणि नवा हत्ती ए ८ वरून मात करायला निघालेला आहे. ती अडवायला काळ्या हत्तीला ए ४ वर जावंच लागतं. मग पांढरा राजा बी ३ वर. एकाच पावलात हत्तीवर मारा आणि सी १ वर मात. दोन्ही वाचवता येत नाहीत.

या एका चालीवर त्या पाद्र्याचं नाव आज सव्वाशे वर्षं राहिलं आहे. मला त्यात आवडतं ते प्यादं. समोर आठ दिशांचं राज्य मांडलेलं असताना ते म्हणतं, मला चारच पुरे. तुला ते वरचं पद दोनदा देऊ केलं होतं आणि दोन्ही वेळा तू प्रयोगशाळा सोडली नाहीस, हे मी विसरलेलो नाही. तू विसरलास वाटतं.

आता मीच उपमा द्यायला लागलो. बघ, हा खेळच असा आहे, हात लावला की खेळावंच लागतं.

लोकांना हा खेळ युद्धाचा वाटतो, आणि चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ, तेव्हा वाटणं साहजिक आहे. पण या खेळाचा फार जुना उल्लेख सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या हर्षचरितात आहे, आणि तो युद्धाचा नाहीच. त्याच्या राजाच्या राज्यात भांडणं फक्त भुंग्यांची, पाय तोडले जातात ते फक्त वृत्तांचे, म्हणजे कवितेचे चरण, आणि चतुरंगाची कल्पना होते ती फक्त अष्टापदांवर, म्हणजे पटांवर. श्लेष असा की चतुरंग म्हणजे सैन्यही आणि माणसाचे हातपायही. बाहेर कुणाचे हातपाय तुटत नाहीत, सैन्य मांडायचंच तर ते पटावर! आणि शहमात या शब्दातही मूळ फारसीप्रमाणे राजा मरत नाही, निरुपाय होतो. आपल्या खेळात अजूनही राजाला कुणी मारत नाही. मारण्याच्या एक चाल आधी सगळे थांबतात.

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर 1831 मध्ये वॉलरसच्या दातांत कोरलेले बाराव्या शतकातले मोहरे सापडले. त्यांची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा बघतो. त्यातल्या राण्या एक हात गालाला लावून बसल्या आहेत, डोळे विस्फारलेले, जणू दूध उतू गेल्याचं आत्ताच कळलं. कोपऱ्यातल्या रखवालदारांपैकी काही जण तर त्वेषाने स्वतःचीच ढाल चावतायत. आणि प्यादी? प्याद्यांना चेहरेच नाहीत. नुसते मैलाच्या दगडासारखे उभे दगड. तुझं पत्र आलं तेव्हा मला पहिल्यांदा ते आठवले, खोटं कशाला बोलू. कोरणाऱ्याचं मत तुझ्यासारखंच होतं.

बरं. आता आपला डाव.

माझा राजा ई ३ वर, प्यादी एफ ४, जी ३, एच ४. तुझा राजा डी ५ वर, प्यादी एफ ५, जी ६, एच ५. एफ आणि एच पट्टीतली चार एकमेकांच्या नाकाला नाक लावून अडकली आहेत आणि जी पट्टीतली दोन त्यांना राखून आहेत, ती हलणार नाहीत. आणि तुझं आणखी एक ए ५ वर. तेवढंच जास्तीचं. पार कडेला, सगळ्यांपासून लांब, वाटेत माझं कुणीही नाही.

तू बरोबरी मागितलीस तेव्हा मला आधी वाटलं, दया आली. मग वाटलं, दमलास. आता वाटतं, तू त्या पट्टीकडे बघितलंच नाहीस. ते प्यादं वजीर होणार नाही, हत्तीही होणार नाही, हे मी तुला आत्ताच सांगतो, कारण मी त्याला धरणार आहे. पण धरायला मला पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं लागेल, आणि तेवढ्या वेळात तुझा राजा ई ४ वरून घुसून माझी तिन्ही खाईल. मी कितीही हिशेब केला तरी एक चाल कमी पडते. दोन रात्री केला. मोबाइलला विचारलेलं नाही, आपलं ठरलंय तसं.

तू पुढचं पाऊल ए ४ टाकलंस की मला दुसरा मार्ग नाही.

तेव्हा बरोबरी मान्य नाही. राजा डी ३.

पत्र लवकर टाक. वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

तुझा,
मधू