पिकअप घेतोय

तीर्थरूप आई-आप्पा,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच बोललो असतो, पण आप्पा मधेच फोन आईकडे देतात आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहितोय, ताई वाचून दाखवेल. पिकअप घेतोय. बोलेरो, डिझेल, २०१८ ची, सेकंड हँड. इसार दिलाय.

आप्पा, लगेच तांबड्या टेम्पोवर जाऊ नका. तो डोक्यात होता म्हणूनच तर एवढी बघून घेतली. मेस्त्रीला सोबत नेलं, सकाळी गार इंजिनावर स्टार्टर मारायला लावला, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून धूर येतो का बघितलं, खाली झोपून चेसीला कुठं वेल्डिंग मारलंय का तेही पाहिलं. एका बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसलेत, तेवढे पैसे तोडून घेतले. आरसीवर बोजा आहे, तर मालकाला स्पष्ट सांगितलंय, आधी फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही केलेला फॉर्म ३५, मग उरलेली रक्कम.

नवी का नाही म्हणाल, तर टोमॅटोच्या भावावर नव्या गाडीचा हप्ता कोण भरणार? आणि बीएस ४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली, मुद्दामच घेतली, २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना धूर गाळायचे फिल्टर, सेन्सर, आपल्या मेस्त्रीच्या हाताबाहेरचं काम. दाजी म्हणतील दहा वर्षांनी डिझेल भंगारात, पण ते दिल्लीकडचं. आपल्याकडं पासिंग झालं की चालते, फक्त आठ वर्षांनंतर दरवर्षी करावं लागतं, तो खर्च धरलाय. लायसन माझं कारचंच चालतं.

भाड्याची गाडी आधी दुसऱ्याचा माल उचलणार, आपले क्रेट बांधावर, आणि नारायणगावला पोचेपर्यंत भाव उतरलेला. किती दिवस असं? आई, तुझ्या पाटल्यांना हात लावलेला नाही, हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं.

आप्पा, तुम्ही मार्केटवरून रात्री यायचात आणि मला झोपेतून उठवून भेळभत्ता भरवायचात, आई ओरडायची दात घासलेत त्याचे म्हणून. आता मी माल घालून येईन आणि तुम्ही गप झोपायचं.

तुम्हाला आणायला पिकअप आणणार नाहीये, घाबरू नका, इको सांगितलीय, धक्के नकोत ऑपरेशनच्या डोळ्याला. तोवर आप्पा, ड्रॉप वेळेवर, डोळा चोळायचा नाही, देवपूजेला वाकायचं नाही, देव रागावत नाहीत. काळा चष्मा घरातसुद्धा. आई, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही, मागच्या खेपेचं ताईला विचार. गाईचं इकडं व्यवस्थित आहे, फक्त धार काढताना मला लाथा मारते.

ऑपरेशनच्या गडबडीत तुम्हाला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटून घेऊ नका, गाडी पावसाळ्यानंतर मिळाली नसती. गाडीवर नाव काय टाकायचं ते मात्र तुम्हीच सांगायचं आप्पा. लवकर सांगा, पेंटर गुरुवारी येतोय.

तुमचा
बाळू