त्या स्टॅम्प पेपरवर सही नको

नागपूर

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू घाईत होतास, मी कोर्टाच्या आवारात. नीट बोलणं झालं नाही म्हणून सविस्तर लिहितो. जमलं तर हे पत्र भाऊजींना वाचून दाखव.

परदेशातल्या नोकरीचं आमिष दाखवून भाच्याला फसवणारा एजंट आता दीड लाख परत करतो म्हणतो, ते घ्यायला माझी हरकत नाही. ताईच्या पाटल्या मोडून भरलेला पैसा आहे, तो घरात यायलाच हवा. पण बदल्यात तो पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘गैरसमजातून तक्रार दिली, आता काही म्हणणे नाही’ असं लिहून मागतोय. त्यावर भाऊजींनी सही करायची नाही, भाच्यानेही नाही.

काहून म्हणतो ते सांगतो. पोलीस ठाण्यात जी फिर्याद घेतली ती नुसत्या फसवणुकीची, कलम 318(4). हा गुन्हा कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो. रक्कम परत कर, तडजोडीची पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, कोर्टात दे आणि मोकळा हो, असा सल्ला त्याला मिळालेला दिसतो. म्हणजे पोराने तिकडे कोंडून काढलेले ते सगळे महिने दीड लाखाच्या उसनवारीत जमा!

पोरगा गेला 2024 साली पोळ्यानंतर, मारबत निघाली त्याच आठवड्यात. 1 जुलै 2024 नंतरचा प्रकार, म्हणून भारतीय न्याय संहिता लागते. बँकॉकला डेटा एंट्री, साठ हजार पगार, राहणं-खाणं कंपनीचं, असं सांगून नेलं आणि म्यानमारच्या म्यावाडीत कुंपणाआड कोंडलं. हे कलम 143 आहे, मानवी तस्करी. खटला सेशन कोर्टात चालतो, त्यात आपसात तडजोड चालत नाही. शिक्षा किमान सात वर्षं सक्तमजुरी. एकाहून जास्त माणसं नेली असतील तर किमान दहा, आणि वर जन्मठेपेपर्यंत. त्याच्यासोबत कामठीचा एक आणि वर्ध्याचा एक होताच की.

परवा भाचा माझ्याकडे येऊन गेला. पासपोर्ट विचारला तर म्हणाला, तो तिकडेच काढून घेतला, परत आलो तो दूतावासाच्या दाखल्यावर. पण पहिल्यांदाच परदेशात पाय ठेवला म्हणून बँकॉक विमानतळावर शिक्का बसल्याबरोबर त्याने त्या पानाचा फोटो ताईला पाठवला होता. शिक्क्यावरची तारीख स्वच्छ वाचता येते. त्या पानाच्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा आलाय. विमानतळाबाहेर गाडी उभी होती, ती रातोरात थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतला गेली. तिथून मोई नदी ओलांडली की म्यावाडी. थायलंड सोडल्याची नोंद नाही, म्यानमारमध्ये शिरल्याची तर नाहीच. सुभाष, तो फोटो या खटल्यात फार मोलाचा आहे.

तिथे त्याला एका सिंगापूरच्या श्रीमंत बाईचं नाव आणि फोटो दिला होता. त्या नावाने अमेरिकेतल्या एकट्या माणसांशी गोड गोड बोलायचं आणि हळूहळू क्रिप्टोत पैसे गुंतवायला लावायचं. टार्गेट चुकलं की आधी दंड, मग रात्रभर उभं, मग शॉक. हे सांगून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, मीबी तर लोकायले फसवलंच ना?”

घरचे तडजोडीला तयार होतात ते या भीतीपोटी. पैशाचं नंतर येतं. बोललो तर आपलंच पोरगं आरोपी होईल, मोहल्ल्यात बोभाटा होईल, उद्या नोकरी लागणार नाही. भाऊजींच्या मनात हेच आहे, ते बोलत नाहीत इतकंच. त्यांना सांग, मारून मुटकून करवून घेतलेलं हे कामच गुलामगिरीचा पुरावा आहे. पण ते लपवायचं नाही. मॅजिस्ट्रेटपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 च्या जबाबात पोराने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगायचं. लपवलेली गोष्ट उलटतपासात बाहेर आली की खरं बोललेलंही खोटं ठरतं.

एजंट कोर्टात काय म्हणेल तेही ऐकून ठेव. पोरगा स्वखुशीने गेला, असं म्हणेल. कलम 143 च्या स्पष्टीकरणात साफ लिहिलंय की पीडिताची संमती गैरलागू. गुन्हा परदेशात झाला, केंद्राची परवानगी कुठाय, असं म्हणेल. आमिष इथे नागपुरात, मानेवाड्यात दाखवलं, पैसे इथे घेतले, तिकीट इथून काढलं. गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर त्या परवानगीची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2022 साली सांगितलंय.

खरी लढाई तिसऱ्या मुद्द्यावर आहे. ‘मी नुसता रेफरन्स दिला, तिकडे काय चालतं मला काय ठाऊक?’ अशा खटल्यांत आरोपी इथूनच निसटतो. पोराचे हाल सिद्ध होतात, पण एजंटला ते माहीत होतं हे सिद्ध होत नाही. आपल्याकडे मात्र त्याची व्हॉइस नोट आहे. पोरगा फोनवर रडल्यानंतरची. “भाऊ, सहा महिने काढ, नाहीतर तीन हजार डॉलर भर, मंग सोडतेत.” सुटकेचा भाव त्याला ठाऊक होता, म्हणजे पोराला कुठे पाठवलं हेही ठाऊक होतं. मी ती पुन्हा पुन्हा ऐकली आणि प्रत्येक वेळी अंगाची लाही झाली.

एजंटकडे परदेशी नोकरभरतीचा परवाना नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत तो नाही. परवाना असलेल्यालाही उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, याने दीड लाख घेतले. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली हाही गुन्हा आहे, पण शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं आणि दंड 2,000 रुपये. एवढ्यावर भागणार नाही, हे तुलाही पटेल.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2023 साली म्हटलं होतं की अशा अड्ड्यांत म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसं अडकली असावीत. मार्च 2025 मध्ये वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत माए सोतहून 549 भारतीय परत आणले, त्यातच आपला भाचा आला. त्या अड्ड्यांचे मालक नागपूरच्या कोर्टाच्या हाती लागतील, असं मी भाऊजींना खोटं सांगणार नाही. तो बराचसा भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात आहे, तिथे तपासात मदत मागणारं आपल्या कोर्टाचं विनंतीपत्र जाऊन काय होणार? पण भरती करणारा इथेच आहे, रोज मोटरसायकलवरून ताईच्या घरावरून जातो. कायद्याच्या हाताला लागेल असा या साखळीतला तोच एक. त्याला सोडलं तर पुढच्या पोळ्याला दुसऱ्या कुणाचं पोरगं जाईल.

आता कामाचं. कलमवाढीसाठी तपास अधिकाऱ्यांकडे अर्ज देतोय आणि तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यावा अशी मागणीही करतोय. सोबत भाच्याचा पुरवणी जबाब. त्यांनी दाद दिली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाऊ, पुढे हायकोर्टाचं खंडपीठ इथेच आहे. ताईचा आणि भाच्याचा फोन कुणी फॉरमॅट करू नये, विकू नये. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोन आणि साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. पैसे ज्या खात्यात गेले त्याचं स्टेटमेंट बँकेतून शिक्क्यासह काढ. खातं एजंटच्या साळ्याचं आहे असं भाचा म्हणतो, म्हणून ते जास्तच महत्त्वाचं. एजंट रक्कम द्यायला आलाच तर ती बँकेतूनच घ्या, रोख नको, आणि पावती सोडून दुसऱ्या कशावरही सही नको.

शिवाय कामठीच्या आणि वर्ध्याच्या पोरांच्या वडिलांचे नंबर भाच्याकडून घेऊन मला आजच पाठव. त्यांच्याकडेही तसलाच स्टॅम्प पेपर पोचला असणार. तिघांचे जबाब एकाच आठवड्यात व्हावेत अशी माझी खटपट चाललीय. रविवारी मी दिवसभर घरी आहे, भाऊजींना घेऊन ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप