पक्ष्यांसाठी वाटी ठेवतो, मग उंबर कशाला पाडायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लागून एक जुना उंबर आहे आणि गेले दोन महिने तो पाडायची चर्चा सोसायटीच्या ग्रुपवर चाललीये. कारण एकच, फळं गाड्यांवर पडतात, खाली चिकचिक होते, माशा येतात. त्रास आहे हे मी नाकारत नाही, माझीपण स्कूटर तिथेच असते आणि रोज सकाळी पुसूनच बाहेर काढावी लागते. पण याच सोसायटीत उन्हाळा लागला की गॅलरी-गॅलरीत पाण्याची भांडी आणि बाजरीच्या वाट्या ठेवल्या जातात, लोक अगदी मनापासून ठेवतात, आणि म्हणूनच मला वाटतं की त्या झाडावर रोज काय चालतं ते एकदा कोणीतरी नीट सांगायला हवं.

माझी गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, बरोब्बर झाडासमोर. उंबराची फळं फांद्यांच्या टोकाला नाही तर खोडाला आणि जाड फांद्यांनाच घडाघडाने लागतात त्यामुळे सगळं कसं समोर दिसतं. पहाटे आधी कोकीळ येतो, लालबुंद डोळे, आख्खं उंबर गिळतो आणि दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. मग तांबट, तोच तो भर दुपारी टुक् टुक् करणारा, कपाळावर लाल टिळा असलेला. बुलबुल अर्धवट टोचून सोडून देतात, त्या भोकावर मुंग्या आणि माशा जमतात, आणि मग त्या माशा टिपायला दयाळ हजर. दोनदा तर हरियालपण बघितले, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण पानांत असा मिसळून जातो की हलल्याशिवाय कळतच नाही कुठे बसलाय. हा पक्षी सहसा जमिनीवर उतरत नाही, मग तुमच्या वाटीतल्या बाजरीपर्यंत तो येणार कसा?

आणि धनेश! पुण्यात अजून राखी धनेश दिसतो हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. सध्या एक नर रोज येतो. चोचीच्या टोकात उंबर धरतो, मान मागे टाकून हलकेच हवेत उडवतो आणि घशात घेतो, असं एकामागून एक, मी एकदा अकरापर्यंत मोजले. हे सगळे त्याच्या पोटात जात नाहीत. या दिवसांत मादी कुठल्यातरी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते, फक्त एक फट उघडी, आणि नर घशात साठवलेली फळं एकेक करून वर आणून त्या फटीतून तिला भरवतो, पुढे पिल्लांनापण. म्हणजे पार्किंगमधल्या या झाडावर एक आख्खं घर चाललंय, आणि ते घर कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

वाटी ठेवू नका असं मी म्हणत नाहीये, पाणी तर जरूर ठेवा. पण दाणे टाकले की येतात ती मुख्यतः कबुतरं, आणि त्यांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे आजार होतात म्हणून मुंबईत कबुतरखान्यांचं प्रकरण २०२५ मध्ये पार हायकोर्टात गाजलं. शिळी पोळी, फरसाण, ब्रेड हे तर पक्ष्यांचं खाणंच नाही. चिमणी दाणे खाते खरी पण पिल्लांना सुरुवातीला ती अळ्या आणि किडेच भरवते, आणि अळ्या येतात झाडाझुडपांवर, वाटीत नाही. उंबराला वर्षातून अनेकदा फळ धरतं, बाकी झाडांवर काही नसतं तेव्हासुद्धा, म्हणून एवढे पक्षी त्याच्यावर अवलंबून असतात आणि रात्री वटवाघळंही. ग्रुपवर एकांनी लिहिलं की फळात किडे असतात म्हणून झाडच नको. अहो, ती केंबरं आहेत, उंबरातले चिलटांएवढे बारीक कीटक, ती आत गेल्याशिवाय उंबर पिकतच नाही. उंबर फोडून केंबरं बघू नये असं जुनी माणसं म्हणायची ते काय उगाच नाही.

शिवाय शहरात खासगी जागेतलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडांना हेरिटेजचा दर्जा दिलाय. आमचं झाड किती वर्षांचं ते मोजून घ्या असं मी कमिटीला लेखी कळवलंय. पण मला नुसत्या कायद्यावर झाड वाचवायचं नाहीये. झाडाखाली येतात तीनच गाड्या. तेवढ्यावर पत्र्याचं साधं शेड टाकलं तर प्रश्न मिटतो, खर्चातला माझा वाटा मी आधीच देऊ केलाय, आणि खालची फळं रोज झाडून काढायची जबाबदारीपण घेते म्हटलंय.

येत्या रविवारी मीटिंग आहे. त्याआधी आमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी एकदा सकाळी साडेसहाला माझ्या गॅलरीत यावं, चहा मी करीन. धनेश साधारण पावणेसातला येतो.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे