काका, बुंदी जेवली

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आणि आमच्या घरात जेमतेम तीन फाटकांचं अंतर, त्यामुळे पत्र लिहायची खरं तर गरज नव्हती. पण आमच्या पिल्लाला जेवतं केल्याबद्दल समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच 'यंदा संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे' यावर येता. पैसे घेतले नाहीत. संत्रा बर्फीचा डबा 'मले शुगर आहे' म्हणून परत पाठवलात. म्हणून सगळ्यांसमोरच लिहायचं ठरवलं. आता बदला विषय!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फेब्रुवारीत माझा मुलगा शेजारच्या एका अर्धवट बांधकामावरून दोनेक महिन्यांचं गावठी पिल्लू घेऊन आला. पिवळसर रंग, त्यावर केशरी ठिपके. सासूबाईंनी नाव ठेवलं बुंदी. नाव खाण्याचं, पण मार्च सरता सरता खायचं नाव घेईना. वाटी समोर ठेवली की हुंगायची, माझ्याकडे एकदा बघायची आणि मान फिरवायची. लग्नात रुसलेल्या आत्याबाई बघतात ना, अगदी तशी.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते आठवलं की आता लाज वाटते. कुत्र्यांच्या तयार खाण्याची तीन वेगवेगळी पाकिटं आणली, तिन्ही अर्धवट पडली. भात-चिकन उकडून हाताने भरवलं. चमच्याने भरवलं. ऑफिसची वेळ झालेली आणि मी तळहातावर घास घेऊन सोफ्यामागे रांगतेय. डॉक्टरांना दाखवलं, ताप नाही, वजन वयाला धरून. एका दुकानदाराने भूक वाढवणारं टॉनिक गळ्यात मारलं. ती बाटली अजून फ्रिजवर आहे, तिचा लाभ फक्त मुंग्यांनी घेतला.

त्या संध्याकाळी 'अगं बाई, एक घास तरी खा' हे माझं केविलवाणं ओरडणं कंपाउंडपलीकडे ऐकू आलं आणि तुम्ही आलात. काका, खरं सांगते, मला फार आशा नव्हती. काटोल-नरखेडकडे आयुष्यभर पशुधन पर्यवेक्षक म्हणून गाई-म्हशी आणि शेळ्या बघितलेला माणूस कुत्र्याचं काय सांगणार? तुम्हीही म्हणालात, "कुत्र्याचं मले कमी समजते. जनावराचं समजते."

तुम्ही तिचा ओठ वर केलात, हिरडीवर बोट दाबलंत आणि पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी होते का ते पाहिलंत. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडलीत. लसीचं कार्ड मागितलंत, जंताचं औषध कधी दिलं ते विचारलंत, शी कशी होते तेही विचारलंत (मुलगा खुदकन हसला, तुम्ही नाही). मग चहा बिनसाखरेचा मागितलात आणि म्हणालात, "हे पिल्लू आजारी नाही, सूनबाई. ते तुम्हाले ओळखून आहे."

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, चार दिवस सगळं लिहायला लावलंत. कोणी, किती वाजता, काय दिलं. खोटं लिहायचं नाही.

ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय. पहाटे पाचला सासूबाईंची दूध-पोळी. सातला ह्यांच्या तर्री-पोह्यांवरची शेव, 'थोडीशीच'. शाळेतून आल्यावर मुलाची ग्लुकोजची बिस्किटं, एका दिवशी अकरा. अकरा, काका! दुपारी परत सासूबाई, उरलेला वरणभात. आणि मी वेडी रात्री आठला विचारतेय, हिला भूक का नाही. वर प्रत्येक नकाराला आम्ही आधीपेक्षा चविष्ट काहीतरी पुढे करत गेलो. मान फिरवली की चांगलं मिळतं, एवढं तिला चौथ्या महिन्यात कळलं होतं. आम्हाला चाळिशीत कळलं नाही.

मग तुमचा तो नियम. दिवसातून तीनदा, ठरल्या वेळेला. "पंधरा मिनिटं ठेवाचं, मंग उचलून घ्याचं. बोलाचं नाही, विनवाचं नाही. भूक लागली की खाईन." मधल्या वेळात फक्त पाणी. बिस्किट बंद, आणि बक्षीस म्हणून काही द्यायचंच तर दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. नवीन खाणं सुरू करायचं तर आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत, रोज पाकीट बदलून नाही.

पहिल्या रात्री तुम्ही आमच्या ओसरीवर पेपर वाचत बसलात, ते बुंदीसाठी नव्हे तर आमच्यावर पहारा म्हणून, हे मला नंतर कळलं. तिने हुंगलं आणि निघून गेली. पंधरा मिनिटांनी तुम्ही वाटी उचललीत. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला: "उपाशी ठेवता का लेकराले?" तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "वहिनी, सकाळी सहा वाजता पाहू." सकाळी तिने अर्धं खाल्लं. तिसऱ्या दिवशी भांडं चाटून पुसून ठेवलं, आणि सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

पण तुम्ही बजावलेलं इथे लिहिते, कारण कोणी अर्धंच वाचून पिल्लाला उपाशी ठेवायला नको. हा नियम खेळत्या, पाणी पिणाऱ्या पिल्लासाठी. पिल्लू मलूल पडलं, उलट्या झाल्या, शीतून रक्त गेलं, तर पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा तो जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो. तिथे पंधरा मिनिटांचा नियम नाही, तडक दवाखाना. आणि दिवस उलटून गेला, पोटात काहीच नाही, तरीही. अगदी लहान किंवा नाजूक जातीचं पिल्लू असेल तर तेवढीही वाट बघायची नाही, त्यांच्या रक्तातली साखर लवकर उतरते. तुम्ही सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता मला आधीच समजावून ठेवला होता, "लागला नाही तं बरंच."

एप्रिलच्या अखेरीस ती परत अडली तेव्हा मी पुन्हा घाबरले. तुम्ही चटईवरून तांदळाएवढा दात उचलून माझ्या हातात दिलात. दुधाचे अठ्ठावीस पडून पक्के बेचाळीस येतात, हिरड्या दुखतात, कोरडं टणक खाणं टोचतं. कोमट पाणी घालून भिजवून दिलं, वासही सुटला, खाल्लं. वर आपल्या नागपूरचं ऊन. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागण्याआधीच पारा पंचेचाळीसला टेकलेला, अशात दुपारी माणसाला जेवण जात नाही तर तिने काय खावं? सकाळचं जेवण सहाला, रात्रीचं दिवस मावळल्यावर, दुपारचं अगदी थोडं, असं तुम्ही ठरवून दिलंत.

सगळ्यात भारी मात्र घुंगराची गोष्ट. गळ्यातल्या पट्ट्याला मुलाने हौसेने घुंगरू बांधलं होतं. वाकली की ते स्टीलच्या वाटीवर खणखण वाजायचं आणि ती दचकून मागे सरायची. पाच माणसं, एक डॉक्टर, एक दुकानदार, कोणालाच दिसलं नाही. तुम्ही पट्टा काढलात आणि दुसऱ्या दिवशी घरून मातीचं परळ आणून दिलंत.

रागावलात फक्त एकदा. ह्यांनी सावजीच्या रश्श्यातला तुकडा 'धुऊन' दिला तेव्हा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ते धुऊन जात नाही, हे तुम्ही इतक्या थंड आवाजात सांगितलंत की हे अजून तुम्हाला फाटकापाशी बघून वाट बदलतात.

आता बुंदी सात महिन्यांची आहे, दोन वेळा जेवते, बोट लावलं की बरगड्या लागतात पण दिसत नाहीत, म्हणजे तुमच्या हिशेबाने बरोबर. सासूबाई दुपारी चारला अर्धं बिस्किट देतात. चोरून नाही, कॅलेंडरवर लिहून.

एक कबुली राहिली. मागच्या रविवारी ओसरीवरून तुमची डावी चप्पल गायब झाली होती आणि तुम्ही अनवाणी घरी गेलात. मांजराने नेली असेल, असं मी म्हटलं होतं. मांजराने नेलेली नाही. अंगठा सापडलाय, बाकीची सापडायची शक्यता कमी आहे. नंबर कळवा.

तुमची,
तीन फाटकं पलीकडची सूनबाई