ऑपरेशनच्या आधीचे दिवस

अंबाजोगाई

चि. सुमित,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी तू काढलेले तिन्ही विषय वाचले. ऑपरेशनआधी पेशंटचं शरीर तयार करायचा, म्हणजे प्रीहॅबिलिटेशनचा विषय घे. पण तू मांडलायस तसा नको. सायकल, वजनं, प्रोटीन पावडर हे सगळं परदेशी पेपरांतून जसंच्या तसं उतरवलंयस.

पाठवलेले पेपर मी चष्मा लावून सावकाश वाचले. माँट्रियलचे डॉ. फ्रँको कार्ली यांचा २०१० चा मला सगळ्यांत आवडला, कारण त्यांना वाटलं होतं त्याच्या उलटं घडलं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या पेशंटांपैकी काहींना सायकल आणि वजनं दिली, काहींना नुसतं चालणं आणि श्वासाचे व्यायाम. सुधारले जास्त ते चालणारे! सायकलवाल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलेला व्यायाम पुरता केलाच नव्हता. पुढे याच मंडळींनी व्यायामाला आहार आणि मनाचा धीर जोडला. २०१४ च्या अभ्यासात ऑपरेशननंतर आठ आठवड्यांनी, आधी तयारी केलेल्यांपैकी ८४ टक्के पहिल्यासारखे चालत होते. नंतरच व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ६२ टक्के. २०२३ मध्ये २५१ जणांच्या अभ्यासात गंभीर गुंतागुंत सुमारे ३० टक्क्यांवरून १७ वर आली. पण २०२० मध्ये कार्लींनीच अगदी अशक्त, वयस्कर पेशंट घेतले, तर गुंतागुंतीत काहीच फरक पडला नाही. म्हणून प्रस्तावनेतलं ‘हे सिद्ध झालेले आहे’ हे वाक्य आधी खोड.

आता आपल्याकडचं बघ. साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं की केज, धारूर, वडवणीकडच्या बाया आमच्या वॉर्डात भरती व्हायच्या. सहा महिने ऊस तोडून, डोक्यावर मोळ्या वाहून आलेल्या बाईला ‘रोज अर्धा तास चालत जा’ म्हणून सांग, ती पदर तोंडाला लावून हसेल. तिच्या हाडात कष्ट आहेत, रक्त नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी शिरेतून लोह देऊन पाहिलं, २०२० चा तो अभ्यास आहे. रक्त चढवायची गरज काही कमी झाली नाही. ते पेशंट वेगळे, हे खरं. तरी तोडीवर असतानाच रक्ताची तपासणी आणि गोळ्या झाल्या तर चित्र बदलेल, असं मला वाटतं. तो मात्र तुझ्या दोन वर्षांत बसणारा विषय नाही.

तुझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला जमेल ते वेगळंच आहे. आमच्याकडे श्वास आत ओढून तीन प्लास्टिकचे गोळे वर चढवायचं ते स्पायरोमीटर पेशंटच्या हातात पडायचं ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. पोटाला टाके, खोकला आला तरी जीव जातोय, आणि आम्ही म्हणतोय, ‘ओढा, अजून ओढा!’ शिकायची ती वेळ आहे का लेका? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१८ च्या अभ्यासात फिजिओने ऑपरेशनआधी एकदाच, अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम शिकवले. ४४१ पेशंट होते. फुप्फुसाचा त्रास २७ टक्क्यांवरून १२ वर आला. यंत्र नाही, पावडर नाही.

आणि दिवस तर आपल्याकडे आयतेच असतात. सरकारी योजनेतून खर्चाची मंजुरी यायची, रक्ताची सोय व्हायची, भूलवाल्या डॉक्टरांची फिटनेस मिळायची, तोवर माणूस कॉटवर नाहीतर व्हरांड्यात पडून. बिडी ओढणाऱ्याला चार आठवडे आधी थांबवलं तर फुप्फुसाला आणि जखमेलाही फायदा होतो. एवढे दिवस कधी मिळतात, कधी नाही. पण श्वास शिकवायला अर्धा तास मिळतोच मिळतो. तेवढंच धर.

पेशंटला डायरी लिहायला देऊ नकोस, कोरी परत येईल. सोबतच्या माणसाला सुतळी दे, व्यायाम झाला की एक गाठ. सहा मिनिटांत पेशंट किती चालतो ते मोजायच्या चाचणीला ३० मीटर मोकळा व्हरांडा लागतो, तो तुमच्या वॉर्डाबाहेर आहे का ते टेप लावून मोज. आमच्याकडे असता तर तिथेही कॉटा टाकल्या असत्या. गाईड मॅडम काय म्हणतात ते रविवारी फोनवर सांग. संमतीपत्राचं मराठी मी तपासून देईन.

तुझी,
आई