निम्मा पुरस्कार आपलाही होता!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘साउथच्या नायिकांचा दबदबा’ हा अर्ध्या पानाचा मजकूर मी सोमवारी वाचला. रविवारी ते पान आंब्याच्या पेटीखाली गेलं होतं. तिथेच राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं वाचून झाल्यावर वाटलं. राग शांत झाल्यावर लिहावं म्हणून एक दिवस थांबले. तो काही शांत झाला नाही.

तमिळ चित्रपटांसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्यांची चौकट तुम्ही दिली आहे. चौकटीत सात नावं. शेवटचं नाव नित्या मेनन, 2022 च्या ‘तिरुचित्रम्बलम्’साठी. त्यापुढे इमानदारीने लिहिलंय, ‘गुजराती अभिनेत्री मानसी पारेख यांच्यासोबत विभागून’. छान. मानसी पारेख हिंदी मालिकांमुळे माहितीची, म्हणून लक्षात राहिली असेल. पण त्याच चौकटीत जरा वर 2010 समोर नुसतं ‘सरण्या’. विभागून वगैरे काही नाही. अहो, त्या वर्षीची दुसरी मानकरी कोण होती? मिताली जगताप-वराडकर! ‘बाबू बँड बाजा’साठी! गुजराती वाटेकरीण मराठी वर्तमानपत्राला आठवते आणि मराठी वाटेकरीण आठवत नाही, याला काय म्हणावं? हेच गुजराती वर्तमानपत्राने केलं असतं तर मी पत्राचा खर्च केला नसता.

आणि गंमत बघा. सरण्या पोन्वण्णन यांना तो पुरस्कार मिळाला तो आईच्या भूमिकेसाठी. तमिळनाडूतल्या तेनी भागातली मेंढपाळ पोराची आई. मितालीनेही आईच केली होती, पोराच्या शाळेसाठी नवऱ्याशी आणि गरिबीशी भांडणारी. दोघींनाही नाचायला एक गाणं नाही. तुमच्या मथळ्यातल्या ‘नायिका’ आणि ‘दबदबा’ या दोन्ही शब्दांत त्या कुठे बसतात ते लेखकाने सांगावं. सरण्यांच्या त्या सिनेमाचं नाव तुम्ही इंग्रजीवरून उचलून ‘थेनमेरक्कू पारुवाकात्रू’ असं छापलंय. वाचताना जीभ अडखळली. त्याचा साधा अर्थ नैऋत्य मोसमी वारा. तुमच्याच पहिल्या पानावर दर जूनमध्ये येतो तोच!

आता भाषेवर आलेच आहे तर सांगते. संपूर्ण लेखात ‘तमिल’. अहो, हिंदीत ळ नाही म्हणून ते बिचारे तसं लिहितात. आपल्याकडे ळ आहे ना? माटुंग्याच्या आमच्या तमिळ शेजारीण मामी म्हणायच्या, “तुम्ही मराठी लोक निदान ळ तरी म्हणता. आमचा ळ, जीभ आणखी मागे वळवून असतो, पण चालेल.” त्यांना चालत होतं, तुम्हाला चालत नाही. शोभाच्या सिनेमाचं तर तुम्ही ‘पासी’ केलंय. तो ‘पसि’. पसि म्हणजे भूक. कचरा वेचणाऱ्या कुप्पम्माची ती भूमिका. 1979 च्या सिनेमासाठी तिला पुरस्कार, आणि 1 मे 1980 ला ती गेली. वय 17. तिच्या वाट्याला तुमची एक ओळ, तीही चुकीच्या स्पेलिंगची. सुहासिनींची ओळख ‘मणिरत्नम यांच्या पत्नी’. लग्न 1988 चं, पुरस्कार 1985 च्या ‘सिंधु भैरवी’चा. तेव्हा त्या कोणाच्या पत्नी नव्हत्या, कॅमेऱ्याचं रीतसर शिक्षण घेतलेली मुलगी होत्या. लक्ष्मींना ‘ज्युली फेम’ म्हटलंत, ते एक वेळ सोडून देते. आमच्या पिढीला तीच खूण पटते.

पण अर्चना? ती तर सातात नाहीच. 1987 चा ‘वीडु’. दिग्दर्शक बालू महेंद्र. लगेच पुढच्याच वर्षी तेलुगू ‘दासी’साठी पुन्हा तोच पुरस्कार. लागोपाठ दोन वर्षं, दोन भाषांत! क्रिकेटमध्ये कोणी असं केलं असतं तर तुम्ही पान काढलं असतं. चौकटीत एक ओळ नाही.

माझं अर्चनावर इतकं का, तर सांगते. पत्र लांबेल, पण आता लांबूच दे.

आम्ही तेव्हा माटुंग्यात पोटभाडेकरू. मालकाने तोंडी नोटीस दिलेली, दिवाळीपर्यंत जागा खाली करा. आमच्या ह्यांनी डोंबिवलीत फ्लॅट बुक केला होता, हप्ते भरून झाले होते आणि उभी होती ती फक्त खांबांवरची सळई. (बिल्डरचं नाव लिहीत नाही. त्याच्या जाहिराती तुमच्याकडे येतात, तुम्हाला उगाच संकट.) दर रविवारी सकाळी हे तिथे जाऊन येत. काय झालं विचारलं की म्हणत, “पाणी मारलंय.” दुसरं काही सांगण्यासारखं नसायचंच.

रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त सिनेमे लागत, ते आठवत असतील. टीव्ही शेजारच्या मामींकडे. अरोरा टॉकीजला मामींबरोबर मी कितीतरी तमिळ सिनेमे बघितले होते, पण ते मारामारीचे आणि भक्तीचे. हा ‘वीडु’ वेगळाच निघाला. वीडु म्हणजे घर. बाई नोकरी करते, घरी म्हातारे आजोबा आणि धाकटी बहीण. भाड्याचं घर सोडायची वेळ आलेली. जमिनीचा एक तुकडा असतो, त्यावर घर बांधायला निघते. कर्ज, परवानगी, कॉन्ट्रॅक्टर. आणि कॉन्ट्रॅक्टर सिमेंट पळवतो! हे ताटावरून उठून टीव्हीसमोर येऊन बसले. खाली इंग्रजी ओळी यायच्या त्या वाचेपर्यंत जायच्या, म्हणून मामी एकीकडे शेंगा सोलत आम्हाला मराठीत सांगत होत्या. कामावरची एक बाई ती सिमेंटची चोरी उघड करते. ते काम करणारी सत्या ‘पसि’मधल्या कामामुळे ‘पसि’ सत्या म्हणूनच ओळखली जायची. हे मामींनीच सांगितलं, शेंगांच्या मधे.

मग ते आजोबा एकटेच, छत्री घेऊन, अर्धवट घर बघायला जातात. मामी बोलायच्या थांबल्या. ह्यांना वाटलं आपलं काहीतरी ऐकायचं राहिलं. विचारलं, “काय म्हणाला तो?” मामी म्हणाल्या, “काही नाही म्हणाला. भिंतीला हात लावतोय.”

आजोबा घरी परत पोचतच नाहीत. शेवटी तर कळतं की ती जमीन पाणीपुरवठ्याच्या सरकारी योजनेत आधीच गेलेली आहे. अर्चनाने त्यात कुठे हंबरडा फोडलेला नाही, डायलॉग नाही, मेकअप तर जवळजवळ नाहीच. पदराने घाम पुसून पुढच्या ऑफिसात जाऊन बसते. मी तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात अशीच बसून यायचे. पुढच्या रविवारी हे डोंबिवलीहून आले आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, “हात लावून आलो.” आम्हाला ताबा मिळायला त्यानंतर चार वर्षं लागली. गच्ची अजून गळते.

तर त्या बाईचं नाव तुमच्या चौकटीत नाही. जागा नव्हती असं म्हणू नका. शेजारीच नित्या मेननने पुरस्कार घेताना नेसलेल्या साडीवर आठ ओळी आहेत, मी मोजल्या. त्या साडीपेक्षा तिची नखं जास्त सांगण्यासारखी होती. तिने स्वतः सांगितलंय की ‘इडली कडै’ सिनेमासाठी ती शेणाच्या गोवऱ्या थापायला शिकली, आणि तेच शेण नखांत असताना दिल्लीला राष्ट्रपतींकडून पुरस्कार घ्यायला गेली. एवढी बातमी हाताशी असताना तुम्ही काठ-पदर बघत बसलात! (2022 मध्ये माझं मत साई पल्लवीच्या ‘गार्गी’ला होतं. पण ज्युरीने मला विचारलं नाही.)

तमिळनाडू सरकारच्या पुरस्कारांवर तुम्ही एक परिच्छेद लिहिलाय, तो वाचून मात्र हसू आलं. ‘दरवर्षी दिमाखात दिले जाणारे’ म्हणे! 2009 ते 2014 अशा सहा वर्षांचे पुरस्कार त्या सरकारने 2017 च्या जुलैमध्ये एकदम जाहीर केले आणि हातात दिले 2022 मध्ये. ‘काक्का मुट्टै’तल्या ऐश्वर्या राजेशला 2014 चा पुरस्कार घ्यायला आठ वर्षं थांबावं लागलं. तीसुद्धा त्यात झोपडपट्टीतल्या दोन पोरांची आईच. आमच्या ताब्याच्या दुप्पट वेळ झाला हा. दिमाख कसला?

माझं मागणं फार नाही. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा. 1987, अर्चना, ‘वीडु’. 2010, सरण्या पोन्वण्णन आणि मिताली जगताप-वराडकर, विभागून. दुरुस्ती कोपऱ्यात, वधू-वर सूचकच्या खाली नको, पुरवणीतच त्याच पानावर. मागे माझं पाणीकपातीवरचं पत्र तुम्ही असं छाटलंत की त्यात मी महापालिकेचं अभिनंदन केल्यासारखं वाटत होतं. दोन शेजारणींनी विचारलं. तेव्हा हे पत्र कापायचं झालं तर डोंबिवलीचा भाग काढा, माझी हरकत नाही. मितालीचं नाव तेवढं ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. – शब्दकोड्यात गेले तीन रविवार आडव्या ओळीत एक चौकोन कमी पडतोय. मी आधी स्वतःलाच दोष दिला, मग उत्तर बघितलं. चार अक्षरी उत्तराला तीन चौकोन. लावणाऱ्याला सांगा.