बोटीने गेलेल्यांच्या याद्या

संपादक महोदय,

माझे आजोबा हर्णैचे. स्कॉटलंडमधलं ग्लासगो ते मुंबई फेऱ्या करणाऱ्या अँकर लाइन कंपनीच्या बोटीवर ते आगवाले (भट्टीत कोळसा टाकणारे) होते. गणपतीला घरी आले की आम्हा पोरांना ग्लासगोच्या धक्क्यावरची गोष्ट सांगत. अमेरिकेला निघालेला मुलगा बोटीच्या कठड्याशी, खाली त्याची म्हातारी आई. शिडी काढल्यावर तिला आठवलं आणि तिने लोकरीचे मोजे वर भिरकावले. एक त्याने झेलला, दुसरा पाण्यात. आजी दर वेळी हळहळायची, ‘एका मोज्याचं काय करील वो तो झील (मुलगा)?’

स्कॉटलंडने परदेशी गेलेली अशी माणसं नोंदीत तरी ठेवली. एप्रिल १९२३ मध्ये लुईस बेटावरच्या स्टॉर्नवेहून ‘मेटागामा’ बोट सुमारे ३०० तरुणांना कॅनडाला घेऊन गेली, ती तिथे अजून विसरलेले नाहीत. १८५२ ते १८५७ दरम्यान ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या जवळपास ५,००० जणांच्या याद्या एडिंबरात जपल्या आहेत.

आमच्या चुलतआजोबांची आफ्रिकेतल्या मोंबासाहून आलेली पत्रं मात्र वाळवीने खाल्ली. पेटीत उरलं ते एक पाकीट, तेही तिकीट कापून घेतलेलं (हे काम काकाचं, त्याला तिकिटांचा नाद).

गावोगावच्या वाचनालयांनी अशी पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, खलाशांची कागदपत्रं यांचे फोटो काढून ठेवावेत. मे महिन्यात चाकरमानी येतात, तेव्हाच सुरुवात करावी. नावनिशी लिहून घ्यायला आमच्या आळीतली पोरं तयार आहेत.

– एक वाचक, हर्णै, ता. दापोली